बावीसचा तुटलेला तुकडा गेला कुठे? – जॅनेट राउली यांचं काम

औदुंबर
सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, या रक्ताच्या कर्करोगावर मराठीत जे काही लिहिलं जातं त्यात दोन सालं हमखास असतात. १९६० साली फिलाडेल्फिया गुणसूत्र (सीएमएलच्या पेशींत दिसणारं, तुकडा तुटून आखूड झालेलं बावीसावं गुणसूत्र) सापडलं आणि २००१ साली त्या आजारावर इमॅटिनिबची गोळी आली. या दोन टोकांमधला दुवा शिकागोच्या जॅनेट राउली यांनी जुळवला. त्यांना मिळालेल्या पुरस्कारांची यादी कुठेही मिळते, ती इथे नको. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली नेमकं काय पाहिलं, ते पटवायला काय पुरावा दिला, आणि तेच काम आज लॅबमध्ये करताना कुठे बिघडतं, यावर जाणकारांनी लिहावं म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. जन्म १९२५, न्यूयॉर्क. शिकागो विद्यापीठात मेडिकलला घेतलं, पण ६५ च्या वर्गात मुलींसाठी ३ जागा आणि त्या भरलेल्या, म्हणून ९ महिने थांबावं लागलं. १९४८ साली एमडी झाल्या. त्या वर्षी माणसात ४८ गुणसूत्रं असतात असंच शिकवलं जात होतं. ४६ हा आकडा टियो आणि लेव्हान यांनी १९५६ साली पक्का केला. राउली तेव्हा शिकागोत मतिमंद मुलांच्या दवाखान्यात काम करत होत्या. १९५९ साली डाउन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र जास्तीचं असतं हे कळलं आणि त्या या विषयाकडे वळल्या.

१९६१-६२ मध्ये यजमानांच्या रजेच्या निमित्ताने ऑक्सफर्ड. तिथे ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेलं थायमिडिन, म्हणजे डीएनएचा एक घटक, वापरून गुणसूत्रांची प्रत केव्हा आणि कुठून तयार होते, ते शिकल्या. परत आल्यावर शिकागोतले रक्तविकारतज्ज्ञ लिऑन जेकबसन यांच्याकडे मागितलं ते एवढंच: सूक्ष्मदर्शक, डार्करूम आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईचा खर्च निघेल इतका पगार. आठवड्यातून तीन दिवस काम. चार मुलगे होते, आणि धाकटा बारा वर्षांचा होईपर्यंत त्या अर्धवेळच होत्या. म्हणजे ज्या शोधांसाठी त्यांचं नाव घेतलं जातं ते अर्धवेळ नोकरीतले आहेत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१९७०-७१ ला पुन्हा ऑक्सफर्डला गेल्या आणि येताना गुणसूत्रांवर पट्टे उठवून ती ओळखण्याचं तंत्र घेऊन आल्या. बावीसचा तुकडा नवव्यावर सापडल्याचा त्यांचा निबंध १ जून १९७३ च्या ‘नेचर’मध्ये आला.

मेटाफेज
चांगला विषय. पट्ट्यांच्या आधी काय दिसत होतं ते सांगितल्याशिवाय १९७३ चं मोल कळणार नाही.

साध्या रंगात गुणसूत्र एकसारखं जांभळं दिसतं. ओळखायला दोनच गोष्टी, लांबी आणि सेंट्रोमिअरची (दोन बाहू जुळतात त्या चिमटीची) जागा. त्यावरून ए ते जी असे गट पाडत. ६ ते १२ आणि एक्स, सगळी सी गटात. आठवं कुठलं आणि नववं कुठलं हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. २१, २२ आणि वाय ही जी गटातली चिमुकली. नोवेल आणि हंगरफोर्ड यांनी १९६० मध्ये जे इवलंसं (फिलाडेल्फिया) गुणसूत्र पाहिलं ते जी गटातलं आहे एवढं स्पष्ट होतं, पण बरीच वर्षं ते एकविसावं धरलं गेलं. लांब बाहूचा निम्म्याहून जास्त भाग गायब. तो पेशीतून नाहीसा झाला असावा, अशीच समजूत.

मग स्वीडनमध्ये कॅस्परसन यांनी क्विनाक्रिन वापरलं. हे मुळात मलेरियाचं औषध. ते डीएनएला चिकटतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं, पण सगळीकडे सारखं नाही. डीएनएमधल्या एटी (ॲडेनिन-थायमिन) जोड्या जास्त तिथे उजळ, जीसी (ग्वानिन-सायटोसिन) जास्त तिथे मंद. प्रत्येक गुणसूत्राला स्वतःची पट्ट्यांची ओळख मिळाली. फिलाडेल्फिया हे २२ वं आहे हेही यातूनच ठरलं.

अडचण अशी की ही चमक टिकत नाही. दिव्याखाली बघता बघता विझत जाते, त्यामुळे डोळ्यांनी निवांत वाचायची सोयच नाही. पेशी सापडली की लगेच फोटो, मग मोठा प्रिंट, मग कात्रीने ४६ तुकडे कापून जोड्या लावायच्या. राउली हे घरी जेवणाच्या टेबलावर करत.

त्यांना दिसलं ते असं. नवव्या जोडीतल्या एका गुणसूत्राच्या लांब बाहूच्या टोकाला मंद चमकणारा जास्तीचा भाग होता. बावीसमधून जितका गेला, साधारण तितकाच.

घाटवाट
@औदुंबर, एक दुरुस्ती. नऊ-बावीसच्या आधी त्यांना आठ-एकवीसची अदलाबदल सापडली होती, १९७२ मध्ये, अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत. तो लेख एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने परत पाठवला आणि मग १९७३ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात आला. कर्करोगात वारंवार, त्याच दोन गुणसूत्रांत, त्याच जागी होणारी अदलाबदल दाखवणारं पहिलं काम म्हणून तेच धरायला हवं. सीएमएलचं नाव मोठं झालं कारण त्यावर पुढे गोळी निघाली.

आणि १९७७ मध्ये पंधरा-सतरा, अक्यूट प्रोमायलोसिटिक ल्युकेमियात. इथला टप्पा शिकण्यासारखा आहे. १९७६ च्या पहिल्या लेखात त्यांनी आणि गोलॉम यांनी सतराव्याचा तुकडा ‘गेला’ असं लिहिलं होतं. वर्षभराने तो पंधराव्यावर सापडला. फिलाडेल्फियाच्या बाबतीत आधीच्या लोकांकडून झाली होती तशीच ही चूक, पण स्वतःचा निष्कर्ष त्यांनी स्वतःच सुधारला.

कोजागिरी
एक शंका. नवव्यावर जास्तीचं काही दिसलं म्हणजे ते बावीसचंच, हे कशावरून? माणसामाणसांत गुणसूत्रांच्या लांबीत थोडाफार फरक असतोच ना?

मेटाफेज
@कोजागिरी, अगदी कळीचा प्रश्न. नवव्यात तर हा फरक नेहमीचा आहे. सेंट्रोमिअरच्या लगतचा भाग काहींत मोठा असतो आणि ते पूर्ण निरोगी असतात. पण तो फरक मध्यावर असतो. राउली यांना दिसला तो टोकाला.

दुसरं, त्याच रुग्णांच्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा निरोगी राहिलेला प्रकार) फायटोहिमॅग्लुटिनिन हे त्यांना विभागायला लावणारं द्रव्य घालून वाढवल्या तर त्यांत नववं आणि बावीसावं दोन्ही सरळ होती. जन्मजात फरक असता तर तो सगळ्या पेशींत दिसला असता. माझ्या मते त्या निबंधातली ही सर्वात भक्कम बाजू आहे, आणि ती सांगितली जात नाही. लोक कात्री आणि टेबलाची गोष्ट सांगतात.

तिसरं म्हणजे एकाच रुग्णात नाही, रुग्णामागून रुग्ण तीच जोडी.

मात्र ‘अदलाबदल’ हे १९७३ मध्ये सिद्ध झालं नव्हतं. बावीसचा तुकडा नऊवर गेला हे दिसलं. नऊचा बावीसवर आला का, हे दिसलं नाही, आणि दिसणं शक्यही नव्हतं. आजच्या मोजमापाने बघा. बावीसमधून जातो तो भाग सुमारे पावणेतीन कोटी बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा). नऊमधून येतो तो जेमतेम पाऊण कोटींचा. अस्थिमज्जेच्या स्लाइडवर पाऊण कोटी म्हणजे एखादा पट्टासुद्धा भरत नाही, त्यात तो फिकट. १९८२ मध्ये रॉटरडॅमच्या गटाने एबीएल हे जनुक नऊवरून फिलाडेल्फिया गुणसूत्रावर आलेलं दाखवलं, तेव्हा ते कोडं सुटलं. १९८४ मध्ये बावीसवरची तुटण्याची जागा कळली, बीसीआर. जोडीतून तयार होणारं बीसीआर-एबीएल प्रथिन हे सतत चालू राहणारं टायरोसिन कायनेज, म्हणजे पेशीला वाढीचा संदेश देणारं एन्झाइम. इमॅटिनिब त्याच्या एटीपीच्या (पेशीच्या इंधनाच्या) खाचेत बसतं.

रेणुका_लॅब
मूळ प्रश्नात ‘आज करताना काय बिघडतं’ असं आहे, त्यावर लिहिते. पद्धत १९७० च्या दशकातल्यापेक्षा फार वेगळी नाही. कात्रीच्या जागी संगणक आला, क्विनाक्रिनच्या जागी ट्रिप्सिन-गिम्सा, म्हणजे एका एन्झाइमची प्रक्रिया करून गिम्सा रंग देणं.

नमुना: अस्थिमज्जा १ ते २ मिलि, सोडियम हेपरिनच्या नळीत. सुईतला पहिला ओढा द्यावा, नंतरच्या ओढ्यात रक्तच जास्त येतं. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी पीसीआरसाठी (जनुकाच्या प्रती वाढवून मोजणाऱ्या तपासणीसाठी), ती कल्चरला चालत नाही. उलट हेपरिनचा नमुना पीसीआरला अडवतो. दोन नळ्या, दोन कामं. बर्फात ठेवू नये, २४ तासांत पोचवावा.

कल्चर (पेशी वाढवणं): आरपीएमआय १६४० या माध्यमात १५ ते २० टक्के सीरम, दर मिलिला १० ते २० लाख पेशी. २४ तासांचं एक, ४८ तासांचं एक. सीएमएलमध्ये फायटोहिमॅग्लुटिनिन घालायचं नाही, घातलं तर निरोगी लिम्फोसाइट वाढून रिपोर्ट फसवा येतो. वर @मेटाफेज यांनी सांगितलेला पडताळा इथे उलट्या बाजूने आडवा येतो. सर्वात नेहमीची चूक म्हणजे पेशी न मोजता थेंब टाकणं. सीएमएलमध्ये पांढऱ्या पेशी लाख-दोन लाखांवर असतात, त्यामुळे चार थेंबही जास्त होतात. सकाळी माध्यम गुलाबीचं पिवळं झालेलं दिसतं, म्हणजे आम्ल वाढलंय, आणि स्लाइडवर एकही विभाजन नसतं. तेव्हा पातळ करून पुन्हा लावण्याखेरीज इलाज नाही.

कोल्सेमिड (विभाजन मध्येच थांबवणारं द्रव्य): दर मिलिला ०.१ मायक्रोग्रॅम, ३० ते ६० मिनिटं. जास्त वेळ ठेवलं तर विभाजनं भरपूर मिळतात पण गुणसूत्रं आखूड, जाडी होतात आणि पट्टे एकमेकांत मिसळतात. वीस आखडलेल्या पेशींपेक्षा दहा लांबसडक बऱ्या.

हायपोटॉनिक: पोटॅशियम क्लोराइड ०.०७५ मोलर, म्हणजे लिटरला ५.६ ग्रॅम, ३७ अंशांवर १५ ते २० मिनिटं. पेशी फुगतात आणि गुणसूत्रं मोकळी होतात. कमी वेळ दिला तर सगळी गुणसूत्रं एका गोळ्यात, जास्त दिला तर पेशी फुटून गुणसूत्रं इतस्ततः आणि मोजणी ४६ च्या खाली.

फिक्स: मिथेनॉल तीन भाग, ग्लेशियल ॲसिटिक आम्ल एक भाग, त्याच वेळी बनवलेलं. पहिले काही थेंब हळूहळू, नळी हलवत. एकदम ओतलं की पेशींच्या गुठळ्या होतात आणि त्या पुढे सुटत नाहीत. उघडं ठेवलेलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, मग गुणसूत्रांभोवती धूसर वलय राहतं.

आता हवा. हे पुस्तकात अर्ध्या ओळीत असतं आणि लॅबमध्ये त्यावरच सगळं ठरतं. थेंब स्लाइडवर पसरतो, कडेने सुकत येतो, आणि सुकण्याच्या त्या काही सेकंदांत पेशीचं आवरण ताणलं जाऊन गुणसूत्रं पांगतात. साधारण २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असली की नीट पांगतात. मुंबईच्या जुलैत थेंब लवकर सुकतच नाही, गुणसूत्रं वाजवीपेक्षा जास्त पसरतात आणि एका पेशीतली दुसरीत जातात. तेव्हा स्लाइड कोमट प्लेटवर ठेवावी आणि खोलीत डीह्युमिडिफायर लावावा. नागपूरच्या मेमध्ये नेमकं उलटं, थेंब झटकन उडतो आणि गुणसूत्रं गच्च राहतात. तिथे ओला टिपकागद खाली धरावा.

स्लाइड ६० अंशांवर रात्रभर ठेवून मग ट्रिप्सिन. इथे घड्याळ चालत नाही. आधी एक चाचणी-स्लाइड १५ सेकंद, एक ३०. पट्टे उठलेच नाहीत तर वेळ वाढवा. गुणसूत्रं फुगून केसाळ दिसली तर जास्त झालं, ती स्लाइड गेली. गिम्सा ४-५ टक्के, पीएच ६.८ च्या बफरमध्ये ५ ते ८ मिनिटं.

कोजागिरी
@रेणुका_लॅब, फार उपयोगी. रिपोर्टवर ‘२० मेटाफेज (विभाजनाच्या टप्प्यातल्या पेशी) पाहिले’ असं असतं. वीसच का?

रेणुका_लॅब
सोपा हिशोब आहे ताई. समजा १४ टक्के पेशींत दोष आहे. यदृच्छेने निवडलेल्या वीसच्या वीस पेशी निरोगी निघण्याची शक्यता ०.८६ चा विसावा घात, म्हणजे ५ टक्क्यांच्या आत. म्हणून वीस सरळ निघाल्या की १४ टक्के किंवा त्याहून मोठा दोषी गट ९५ टक्के खात्रीने नाही म्हणता येतं. त्याखालच्या गटाबद्दल काहीच सांगता येत नाही. उपचारानंतर ‘कॅरिओटाइप (गुणसूत्रांचा तक्ता) नॉर्मल’ आला म्हणून आजार गेला असं समजू नये, ते यामुळेच. क्लोन, म्हणजे एकाच पेशीतून वाढलेला दोषी गट, ठरवतानाही नियम आहे. रचनेतला तोच दोष किंवा तेच जास्तीचं गुणसूत्र किमान दोन पेशींत, हरवलेलं गुणसूत्र असेल तर किमान तीन पेशींत. हरवणं स्लाइड करतानाही होऊ शकतं, म्हणून एक जास्त.

तिरफळ
उपचाराच्या बाजूने भर घालतो.

सीएमएलच्या क्रॉनिक टप्प्यात इमॅटिनिब रोज ४०० मिलिग्रॅम, जेवणाबरोबर आणि मोठा पेला पाण्यासोबत. नंतरची नजर पीसीआरवर, दर ३ महिन्यांनी, बीसीआर-एबीएलचं प्रमाण आंतरराष्ट्रीय मापात: ३ महिन्यांनी १० टक्के किंवा कमी, ६ महिन्यांनी १ टक्का, १२ महिन्यांनी ०.१ टक्का. वेगवेगळ्या लॅबचे आकडे शेजारीशेजारी मांडताना दोन्हींनी हे आंतरराष्ट्रीय माप वापरलंय ना, ते आधी बघा. नसेल तर ०.३ चं ०.६ झालं यात काहीच अर्थ नाही. आकडा खरंच वाढला असेल तर पहिला प्रश्न गोळ्या चुकल्या का हाच, मग जनुकातल्या बदलाची तपासणी. टी३१५आय हा बदल असेल तर इमॅटिनिब चालत नाही, कारण खाचेच्या तोंडाशीच अडथळा उभा राहतो.

मग सुरुवातीला कॅरिओटाइप कशाला, थेट पीसीआर का नाही, असं विचारतात. कारण नेहमीचं किट बीसीआर-एबीएलच्या ई१३ए२ आणि ई१४ए२ याच जोडण्या शोधतं. ई१९ए२ सारखी विरळा जोडणी त्यात निसटते आणि ‘निगेटिव्ह’ येतं. स्लाइडवर ती दिसते. उलट काही रुग्णांत स्लाइडवर नऊ-बावीस सरळ दिसतात, पण जनुकं आत गुपचूप जोडलेली असतात. तिथे फिशने (जनुकांना चमकणारी खूण लावणाऱ्या तपासणीने) २०० केंद्रकं मोजून कळतं. एक तपासणी दुसरीची जागा घेत नाही.

पंधरा-सतराबद्दल एक गोष्ट ठळक लिहायला हवी. अक्यूट प्रोमायलोसिटिक ल्युकेमियाचा नुसता संशय आला तरी ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध) त्याच दिवशी सुरू करतात, दर चौरस मीटरला ४५ मिलिग्रॅम, दोन भागांत. कॅरिओटाइपला आठवडा लागतो आणि हा रुग्ण त्या आठवड्यात मेंदूतल्या रक्तस्रावाने जाऊ शकतो. प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) डेसिलिटरला १०० ते १५० मिलिग्रॅमच्या वर ठेवायचं. कमरेतून पाणी काढणं टाळायचं. पंधरा-सतरा नाही असं नंतर कळलं तर औषध थांबवता येतं, दोन दिवसांत मोठं नुकसान होत नाही. १९७७ मध्ये दिसलेल्या त्या दोन गुणसूत्रांमुळे सर्वात लवकर मारणारा ल्युकेमिया आज सर्वात जास्त बरा होणाऱ्यांत आहे. ट्रेटिनॉइन आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड या दोहोंचा पाया चिनी डॉक्टरांनी घातला, तेही नोंदवतो.

घाटवाट
राउलींना विरोध का झाला यावर थोडं. तेव्हा बहुतेकांचं मत असं की गुणसूत्रांची मोडतोड हा कर्करोगाचा परिणाम आहे, पेशी बिघडली की सगळंच विस्कटतं. या लोकांना हटवादी म्हणणं मला पटत नाही. पट्ट्यांच्या आधीचा पुरावा तसाच दिसत होता. फिलाडेल्फिया सोडलं तर प्रत्येक रुग्णात वेगळा गोंधळ. राउली यांचा युक्तिवाद साधा होता: परिणाम असता तर तो कुठेही झाला असता. एका प्रकारच्या ल्युकेमियात नेहमी हीच जोडी आणि दुसऱ्यात नेहमी ती, असं असेल तर तुटण्याच्या जागी त्या आजाराला लागणारं काहीतरी आहे.

हे एका लॅबच्या जोरावर ठरलं नसतं. १९७७ मध्ये हेलसिंकीला ल्युकेमियातल्या गुणसूत्रांवर पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली. देशोदेशीच्या लॅबनी आपापले रुग्ण एकत्र मांडले. अशी आणखी सत्रं झाली आणि कुठली अदलाबदल कुठल्या आजारात, याचा नकाशा तयार झाला. फेलिक्स मिटेलमन यांच्याबरोबर १९८९ मध्ये त्यांनी या विषयाचं स्वतंत्र नियतकालिकही काढलं.

त्यांचं दुसरं मोठं काम झाकोळलं गेलंय. एका कर्करोगावर केमो किंवा रेडिएशन घेतल्यावर काही वर्षांनी ल्युकेमिया होतो, त्यात पाचव्या आणि सातव्या गुणसूत्राचा भाग किंवा ते अख्खं गुणसूत्र गेलेलं असतं, हे त्यांच्या गटाने १९७७ मध्ये दाखवलं. अकराव्यावरचं एमएलएल जनुकही १९९१ मध्ये त्यांच्याच लॅबने पकडलं. लहान बाळांच्या ल्युकेमियात सर्वात आधी तेच तपासलं जातं.

औदुंबर
@घाटवाट, दुरुस्ती मान्य, आठ-एकवीस आधीचं.

आपल्याकडचे दोन धागे जोडतो. पहिला, कर्करोग संशोधक कमल रणदिवे, पुण्याच्या. एमएस्सीला विषय सीताफळाच्या कुळातल्या गुणसूत्रांचा, आणि मग मुंबईत खानोलकरांकडे पीएचडी करून परळच्या संशोधन केंद्रात त्यांनी उंदरांच्या स्तनांच्या कर्करोगावर काम केलं, ऊतिसंवर्धनाची लॅब उभारली. राउलींपेक्षा त्या सुमारे साडेसात वर्षांनी मोठ्या. दुसरा, इमॅटिनिबला पेटंट नाकारणारा सर्वोच्च न्यायालयाचा १ एप्रिल २०१३ चा निकाल, पेटंट कायद्याचं कलम ३(ड). महिन्याला सुमारे १ लाख २० हजारांची मूळ गोळी आणि ८ ते १० हजारांची भारतीय, असा तो फरक होता. १९७३ चा शोध खिशाला परवडणारा झाला तो भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळीमुळे.

तिरफळ
@औदुंबर, रणदिव्यांचं काम विषाणू, संप्रेरकं आणि वंश यांच्या एकत्र परिणामाचं, उंदरांच्या शुद्ध जातींवरचं. क्षेत्र शेजारचं, पद्धत निराळी. एकाच माळेत ओवू नये.

कोजागिरी
शेवटचं विचारते. ‘४६,एक्सएक्स,टी(९;२२)(क्यू३४;क्यू११.२)[२०]’ ही ओळ कशी वाचायची?

रेणुका_लॅब
डावीकडून. एकूण गुणसूत्रं ४६. एक्सएक्स, म्हणजे स्त्री. टी म्हणजे तुकड्यांची अदलाबदल. पहिल्या कंसात कोणती दोन गुणसूत्रं, दुसऱ्या कंसात त्याच क्रमाने तुटण्याच्या जागा. क्यू म्हणजे लांब बाहू. ३४ ला ‘चौतीस’ म्हणत नाहीत, ‘तीन चार’ म्हणतात, भाग तीनमधला पट्टा चार. चौकोनी कंसातला आकडा पेशींचा, म्हणजे पाहिलेल्या वीसच्या वीस पेशींत दोष आहे.

उपचारानंतरच्या रिपोर्टमध्ये ‘...[३]/४६,एक्सएक्स[१७]’ असं आलं तर तीन पेशी दोषी, सतरा निरोगी. तिरपी रेघ दोन वेगळे गट दाखवते.

आणि या ओळीत नऊ-बावीसशिवाय काही नवं आलंय का ते नक्की बघा. दुसरं फिलाडेल्फिया, जास्तीचं आठवं, किंवा सतराव्याचे दोन्ही बाहू लांबच झालेलं ‘आय(१७)(क्यू१०)’. यातलं काही दिसलं की आजार पुढच्या टप्प्याकडे सरकतोय असं धरून, पीसीआरची पुढची तारीख येण्याची वाट न बघता रिपोर्ट त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा.